वाचकांचे प्रश्न : लसीकरणाच्या आकड्यांत अंश कुणाचा, छेद कुणाचा?

लसीकरणाच्या आकडेवारीबद्दल आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बरीचशी कोविड मोहिमेबद्दल आहेत, काही नेहमीच्या बाल-लसीकरणाबद्दल. आकडा कुठे मिळेल, हे जवळजवळ प्रत्येकाने विचारले आहे. तो सांगणे त्या मानाने सोपे. तो आकडा कुणाला मोजतो, किती जणांपैकी मोजतो आणि कोणत्या तारखेपर्यंत मोजतो, हे पाहण्यात जास्त वेळ जातो. म्हणून उत्तरांत त्यालाच जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : भारतात कोविड लशीच्या २२० कोटींहून अधिक मात्रा दिल्या गेल्या. लोकसंख्या साधारण १४० कोटी. मग प्रत्येकाने सरासरी दीड लस घेतली, असे प्रकल्पात लिहिले तर चालेल का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सांगली)

गणित बरोबर येईल, पण वाचणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागणार नाही. बातम्यांचे मथळे मात्रांचे होते: २१ ऑक्टोबर २०२१ रोजी १०० कोटी, १७ जुलै २०२२ रोजी २०० कोटी. मात्रा म्हणजे माणसे नव्हेत. २२० कोटी फोडून पाहा. पहिली मात्रा सुमारे १०२.७ कोटी, दुसरी सुमारे ९५.२ कोटी आणि प्रिकॉशन डोस, म्हणजे खबरदारीची तिसरी मात्रा, सुमारे २२.८ कोटी. ‘किती जणांना लस मिळाली’ याचे उत्तर फक्त पहिल्या आकड्यात आहे. ‘किती जणांचे दोन डोस झाले’ याचे उत्तर दुसऱ्यात आहे.

आता छेद. या १०२.७ कोटींत साधारण १० कोटी मुले-मुली १२ ते १७ वयोगटातली आहेत. उरलेले ९२ कोटींच्या आसपास प्रौढ. त्या वेळी सरकार प्रौढ लोकसंख्या सुमारे ९४ कोटी धरत होते, म्हणजे प्रौढांत पहिल्या मात्रेची व्याप्ती ९८ टक्क्यांच्या आसपास येते. हीच माणसे १४० कोटींनी भागली तर ६६ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, प्रश्न मात्र वेगळे आहेत. प्रकल्पात टक्केवारी लिहाल तेव्हा शेजारीच ‘१८ वर्षांवरील अंदाजित लोकसंख्येपैकी’ किंवा ‘एकूण लोकसंख्येपैकी’ असे लिहा.

एक सूक्ष्म गोष्ट राहते. पहिल्या मात्रेची नोंद म्हणजे कोविन या लसीकरण नोंदवण्याच्या सरकारी संगणकीय प्रणालीतली एक नोंदणी. एखाद्याने पहिल्या वेळी एक ओळखपत्र दिले, दुसऱ्या वेळी दुसरे दिले आणि नव्याने नोंदणी झाली, तर तोच माणूस दोनदा ‘पहिली मात्रा’ म्हणून मोजला जातो आणि त्याची दुसरी मात्रा कागदावर होतच नाही. त्यामुळे पहिल्या मात्रेचा आकडा थोडा फुगतो आणि दुसरीचा तितकाच आक्रसतो.

प्रश्न : मोहिमेच्या पहिल्या दिवसापासून रोजचा आकडा एका तक्त्यात हवा आहे. कुठून सुरुवात करू? (निवृत्त सांख्यिकी सहायक, अकोला)

राष्ट्रीय पातळीवर तयार तक्ता हवा असेल तर ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ या आकडेवारीच्या संकेतस्थळाची लसीकरण फाइल उतरवून घ्या आणि देशाच्या स्तंभात फक्त भारत निवडा. त्यात एकूण मात्रा, किमान एक मात्रा घेतलेले लोक, प्राथमिक मात्रा पूर्ण झालेले लोक आणि वर्धक (बूस्टर) मात्रा असे वेगवेगळे स्तंभ आहेत. रोजच्या मात्रांचे स्तंभ दोन आहेत, ते नीट पाहा. एक कच्चा आहे आणि दुसरा सात दिवसांच्या सरासरीने सपाट केलेला. घाईत दुसरा उचलला जातो. मग १७ सप्टेंबर २०२१ रोजी एका दिवसात अडीच कोटी मात्रा दिल्याचे सर्वज्ञात शिखर तुमच्या आलेखात दिसतच नाही आणि फाइल चुकली असे वाटते.

राज्यनिहाय आकडे हवे असतील तर दोन वाटा आहेत. केंद्रीय आरोग्य मंत्रालय रोज एकत्रित व्याप्तीचा अहवाल पीडीएफमध्ये काढत असे, आणि पत्र सूचना कार्यालय म्हणजे पीआयबी रोज सकाळी पत्रक काढत असे. पीआयबीच्या संकेतस्थळावर मंत्रालय ‘आरोग्य’ निवडायचे, दिनांक द्यायचा आणि पत्रक उघडायचे. मुंबई कार्यालयाची मराठी पत्रकेही तिथे सापडतात. स्वयंसेवकांनी चालवलेला ‘कोविड१९इंडिया’ हा प्रकल्प राज्य आणि जिल्ह्यांच्या फाइली बनवत असे, पण तो ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी थांबला. त्याच्यावर विसंबलेली मालिका तिथेच तुटते आणि पुढचे आकडे दुसऱ्या स्रोतातून जोडावे लागतात. जोडाच्या ठिकाणी दोन्ही स्रोतांचे निदान दोन आठवडे एकमेकांवर ठेवून ताडून पाहा.

या कामात ठेच लागते ती तारखेला. पीआयबीच्या सकाळच्या पत्रकात ‘आज सकाळी ७ पर्यंतच्या तात्पुरत्या अहवालानुसार’ असे असते. म्हणजे त्यातला आकडा व्यवहारतः आदल्या दिवसाचा आहे. पत्रकाची तारीख तशीच नोंदवली तर रविवारची घसरण तुमच्या तक्त्यात सोमवारी दिसेल. आठवड्याचा सर्वांत कमी दिवस रविवारी पडतो का, हे पाहिले की तारखा सरकल्यात की नाही ते पाच मिनिटांत कळते.

दुसरी ठेच वजाबाकीची. रोजची संख्या म्हणजे आजचा एकत्रित आकडा वजा कालचा. नोंदी मागाहून दुरुस्त होतात, दुबार नोंदी काढल्या जातात, म्हणून एखाद्या जिल्ह्यात ही वजाबाकी ऋण येते. तिथे शून्य टाकू नका. शून्य टाकलेत तर एकूण बेरीज मूळ आकड्यापेक्षा जास्त होईल. ऋण आकडा तसाच ठेवा, शेजारच्या रकान्यात टीप लिहा आणि आलेख सात दिवसांच्या सरासरीचा काढा.

पीडीएफमधून एक्सेलमध्ये आणताना ११,२३,७४,३३३ असा आपल्या पद्धतीचा स्वल्पविराम असलेला आकडा पुष्कळदा मजकूर म्हणून बसतो आणि बेरजेतून निमूट वगळला जातो. आधी सगळे स्वल्पविराम ‘शोधा आणि बदला’ वापरून काढा, मग स्तंभ संख्येचा करा. ०७/०८/२०२१ ही तारीख ७ ऑगस्ट की ८ जुलै, हेही फाइल उघडल्याबरोबर तपासा. महिन्याच्या १३ तारखेपासून पुढच्या तारखा मजकूर म्हणून डावीकडे सरकलेल्या दिसल्या तर संगणकाने दिवस-महिना उलटे वाचले आहेत, असे समजा.

प्रश्न : काही जिल्ह्यांत व्याप्ती १०० टक्क्यांपेक्षा जास्त दिसते. हे खोटे आकडे आहेत का? (माध्यमिक शिक्षक, पालघर)

खोटेच असतील असे नाही. बहुतेक वेळा अंश एका जागेचा असतो आणि छेद दुसऱ्या जागेचा.

कोविनमध्ये मात्रा नोंदवली जाते ती लसीकरण केंद्र ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्याच्या नावावर. माणूस राहतो कुठे, हे तिथे पाहिले जात नाही. विरार किंवा डोंबिवलीहून रोज लोकलने मुंबईत येणाऱ्याने फोर्टमधल्या रुग्णालयात लस घेतली तर मात्रा मुंबईची. तो स्वतः मात्र पालघर किंवा ठाण्याच्या छेदात बसलेला असतो. म्हणून मुंबईत पहिल्या मात्रेची व्याप्ती शंभरीपार गेली आणि शेजारचे जिल्हे होते त्यापेक्षा मागे दिसले. मुंबई, ठाणे, पालघर आणि रायगड यांची तुलना करायची असेल तर चौघांची बेरीज करूनच टक्केवारी काढा. त्या प्रदेशात एकेकट्या जिल्ह्याची टक्केवारी फारशी बोलत नाही.

मुंबईत आणखी एक खड्डा आहे. जनगणनेत मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे आहेत. कोविनवर मात्र एकच ‘मुंबई’ आहे. २०११ च्या जनगणनेत शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३०,८५,४११ आणि उपनगराची ९३,५६,९६२. बेरीज १,२४,४२,३७३. कोविनच्या मुंबईला चुकून फक्त शहर जिल्ह्याच्या ३१ लाखांनी भागले तर व्याप्ती चौपट दिसते. ही चूक विद्यार्थ्यांच्या तक्त्यांत नेहमी होते, कारण दोन्हीकडे नाव ‘मुंबई’ असल्याने संगणक निमूटपणे जोडून देतो.

तुमच्या पालघरचेही तसेच. जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा तक्त्यात पालघर नाहीच. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड या आठ तालुक्यांची लोकसंख्या ठाण्याच्या तक्त्यातून उचलून बेरीज करा आणि तेवढीच ठाण्यातून वजा करा. दुसरा भाग विसरला तर ठाण्याचा छेद फुगतो आणि ठाणे विनाकारण मागासलेले दिसते.

नावांच्या जोडणीत आणखी एक सापळा. औरंगाबाद हा जिल्हा बिहारमध्येही आहे. फक्त नावावर जोडणी केली तर दोघांचे आकडे एकमेकांत मिसळतात. आपल्याकडच्या औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले आहे, पण मोहिमेच्या काळातल्या फाइलींत जुनीच नावे आहेत. राज्य आणि जिल्हा अशी जोडी घ्या, किंवा त्याहून बरे, केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला जिल्ह्याचा सांकेतांक घेऊन त्यावर जोडा.

आता छेदाचे वय. २०११ नंतर जनगणना झालेली नाही. पुढची २०२७ ची आहे. मधल्या काळासाठी राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तांत्रिक गटाचे २०११ ते २०३६ चे अंदाज वापरतात. ते राज्याच्या पातळीवर आहेत, जिल्ह्याच्या नाहीत. मग लोक काय करतात? राज्याची वाढ सगळ्या जिल्ह्यांना सारखी लावतात. कोकण-मुंबईत हे फसते. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या घटली होती आणि त्याच काळात जुना ठाणे जिल्हा सुमारे ३६ टक्क्यांनी वाढला होता. दोघांना एकच वाढ लावली की शहराचा छेद फुगतो, ठाणे-पालघरचा आक्रसतो. जिल्ह्याच्या टक्केवारीत दोन-चार टक्क्यांच्या फरकावरून क्रम लावू नका, असे आम्ही सांगतो ते यामुळे. तो फरक लसीकरणाचा नसून छेदाच्या अंदाजाचा असू शकतो. गोव्याने सप्टेंबर २०२१ मध्ये प्रौढांची पहिली मात्रा १०० टक्के झाल्याचे जाहीर केले, तेव्हाही छेद अंदाजाचाच होता. १०० म्हणजे एकही माणूस उरला नाही, असे त्यावरून ठरत नाही.

प्रश्न : जून २०२१ च्या सुमारास दुसऱ्या मात्रेचा वेग एकदम पडला. लोकांनी पाठ फिरवली का? (ग्रामीण पत्रकार, धाराशिव-लातूर परिसर)

नियम बदलला होता. कोविशिल्डच्या दोन मात्रांतले अंतर आधी ४ ते ६ आठवडे होते. २२ मार्च २०२१ रोजी ते ६ ते ८ आठवडे आणि १३ मे २०२१ रोजी १२ ते १६ आठवडे झाले. कोव्हॅक्सिनचे मात्र ४ आठवडेच राहिले. देशातल्या बहुतांश मात्रा कोविशिल्डच्या होत्या. त्यामुळे मे महिन्यात जे दुसऱ्या मात्रेला पात्र ठरले असते, ते नव्या नियमाने पुढे ढकलले गेले आणि आलेखात खड्डा पडला. आलेखावर या तारखांना उभ्या रेषा मारा. त्यासोबत पात्रतेच्याही मारा: १ मार्चला ६० वर्षांवरील आणि सहव्याधी असलेले ४५ ते ५९, १ एप्रिलला ४५ वर्षांवरील सगळे, १ मेला १८ वर्षांवरील सगळे, ३ जानेवारी २०२२ ला १५ ते १७, १६ मार्च २०२२ ला १२ ते १४. शेवटच्या दोन तारखांना छेदही वाढवायला हवा. वाढवलात तर टक्केवारी एका दिवसात खाली येते, आणि ते बरोबरच आहे.

‘दुसरी मात्रा चुकलेले किती’ हे काढण्याची रीतही पुष्कळ जण चुकवतात. पहिल्या मात्रेतून दुसरी सरळ वजा केली तर कालच पहिली घेतलेला माणूससुद्धा ‘चुकलेला’ ठरतो. लसनिहाय मोजा. समजा तारीख १ नोव्हेंबर २०२१ आहे. कोविशिल्डसाठी ८४ दिवस मागे, म्हणजे ९ ऑगस्टपर्यंतच्या पहिल्या मात्रा घ्या. उदाहरणादाखल त्या ५,००,००० धरू. १ नोव्हेंबरपर्यंतच्या दुसऱ्या मात्रा ३,६०,०००. फरक १,४०,०००: हे सगळे पात्र आहेत, पण अजून आलेले नाहीत. आता ११२ दिवस मागे, १२ जुलैपर्यंतच्या पहिल्या मात्रा समजा ४,२०,०००. त्यातून ३,६०,००० गेले की ६०,००० उरतात. सोळा आठवडेही उलटून गेलेले किमान एवढे. ‘किमान’ का, तर ३,६०,००० मधल्या काही दुसऱ्या मात्रा १२ जुलैनंतर पहिली घेतलेल्यांच्याही असतात. कोव्हॅक्सिनसाठी हेच २८ दिवसांनी करा.

या संख्येतही सगळे टाळाटाळ करणारे नसतात. कोविड होऊन गेलेल्यांनी तीन महिने थांबावे, असा नियम १९ मे २०२१ रोजी आला होता. काही जण दगावले, काहींची दुसरी मात्रा दुबार नोंदणीत हरवली. ८ ते १४ ऑक्टोबर २०२१ या आठवड्यात महाराष्ट्रात ‘मिशन कवच कुंडल’ ही लसीकरण मोहीम झाली आणि नोव्हेंबरपासून देशभर ‘हर घर दस्तक’ ही घरोघरच्या लसीकरणाची मोहीम सुरू झाली. त्यांचा परिणाम पाहायचा असेल तर नुसत्या रोजच्या मात्रा पाहू नका. वरच्या रीतीने काढलेली थकबाकी आठवड्यामागून आठवडा किती उतरली, ते पाहा.

प्रश्न : बाळांच्या पूर्ण लसीकरणाचे तीन ठिकाणी तीन आकडे मिळतात. खरा कोणता? (गटप्रवर्तक, नंदुरबार जिल्हा)

तीन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत, आणि प्रत्येकीने मोजलेली वस्तूही थोडी वेगळी आहे.

पहिली, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. मुंबईत गोवंडीजवळ देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे करते. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत देशात १२ ते २३ महिन्यांच्या ६२ टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण होते, २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ७६.४ टक्के. महाराष्ट्र याच काळात सुमारे ५६ वरून ७३ च्या पुढे आला. इथे ‘पूर्ण’ म्हणजे बीसीजी (क्षयरोगाची) एक, पोलिओ तीन (जन्मावेळचा सोडून), पेंटा (पाच रोगांची एकत्रित लस) किंवा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची) तीन आणि गोवराची एक. आठांपैकी एक जरी राहिली तरी मूल ‘अपूर्ण’.

सर्वेक्षणाच्या पत्रकात याला लागूनच दुसरी ओळ आहे: केवळ कार्डावरील माहितीनुसार ८३.८ टक्के. ती मोठी दिसते म्हणून पुष्कळ अहवालांत तीच उचलली जाते. पण तिचा छेद वेगळा आहे. ज्यांचे लसीकरण कार्ड सर्वेक्षकाला पाहायला मिळाले तेवढीच मुले त्यात आहेत. ज्या घरात कार्ड जपून ठेवले आहे, त्या घरातल्या बाळाच्या लशीही वेळेवर झालेल्या असण्याची शक्यता जास्त. ज्या आईचे कार्ड स्थलांतरात हरवले, तिचे बाळ या ओळीत नाहीच. सगळ्या बाळांबद्दल बोलायचे असेल तर ७६.४ घ्या.

दुसरी, आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली, म्हणजे एचएमआयएस. तुमच्या एएनएमताई (उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका) दर महिन्याला भरतात तीच. तिचा अंश म्हणजे दिलेल्या मात्रांची केंद्रनिहाय बेरीज, आणि छेद म्हणजे अपेक्षित जन्मांचा अंदाज. अंदाज कमी पडला की शंभरीपार. खासगी दवाखान्यांनी माहिती कळवली नाही की शहरांत अंश कमी. महिन्यामहिन्याचा कल पाहायला, कोणत्या उपकेंद्रात काय घडते ते पाहायला ही प्रणाली उत्तम. राज्याराज्यांची टक्केवारी ताडायला तिचा छेद कच्चा.

तिसरी, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे संयुक्त अंदाज. ते दरवर्षी जुलैत येतात. २०२४ सालासाठी भारताच्या डीपीटीच्या तिसऱ्या मात्रेची व्याप्ती त्यात ९४ टक्के आहे. ही फक्त एका लशीची तिसरी मात्रा आहे, वरच्या आठांची नव्हे. म्हणून ९४ आणि ७६.४ यांची तुलनाच लागू पडत नाही. बातम्यांत येणारी ‘शून्य-मात्रा’ बालके म्हणजे डीपीटीची पहिली मात्राही न मिळालेली. २०२३ साठी ती भारतात १६ लाख होती, २०२४ साठी सुमारे ९ लाख. हे अंदाज करणारे दरवर्षी मागची सगळी मालिकाही सुधारतात. गेल्या वर्षीच्या अहवालातला जुना आकडा आणि या वर्षीच्या अहवालातला नवा आकडा शेजारी ठेवून वाढ-घट काढू नका. ताज्या फाइलीतलीच सगळी वर्षे घ्या.

तुम्ही नंदुरबारच्या आहात, म्हणून जिल्ह्याच्या पत्रकाबद्दल विशेष सांगावेसे वाटते. सर्वेक्षणात एका जिल्ह्यातून १२ ते २३ महिन्यांची मुले फार थोडी निघतात. समजा ४० मुले आणि ७५ टक्के व्याप्ती. ०.७५ गुणिले ०.२५, भागिले ४०, त्याचे वर्गमूळ ०.०६८, त्याला १.९६ ने गुणले की साधारण १३. म्हणजे खरी व्याप्ती ६२ पासून ८८ पर्यंत कुठेही असू शकते, आणि मुले गटागटाने निवडलेली असल्याने पल्ला याहून रुंदच. पत्रकात कंसात छापलेला आकडा २५ ते ४९ मुलांवर आधारलेला असतो. २५ पेक्षा कमी असतील तर आकडा न देता फुली-तारका असते. दोन फेऱ्यांत जिल्हा ५ टक्क्यांनी ‘घसरला’ म्हणून कुणी तुम्हाला किंवा आशाताईंना जाब विचारला, तर हे गणित त्यांच्यापुढे ठेवा. एवढ्या नमुन्यावरून तसा ठपका ठेवता येत नाही.

प्रश्न : गळतीचा दर कसा काढायचा? आमच्या एका उपकेंद्रात तो ऋण येतो. (आरोग्य सहायक, बीड जिल्हा)

गळती म्हणजे पेंटाची पहिली मात्रा (पेंटा-१) घेऊन तिसरीला (पेंटा-३) न आलेली बाळे. पेंटा-१ वजा पेंटा-३, भागिले पेंटा-१, गुणिले १००. पेंटा-१ १२० आणि पेंटा-३ १०२ असतील तर गळती १५ टक्के. १० टक्क्यांच्या वर गेली की बाळे केंद्रापर्यंत पोचतात, पण परत येत नाहीत, असे समजून कारण शोधायचे. या दराची मोठी सोय अशी की त्याला लोकसंख्येचा अंदाज लागत नाही. अंश आणि छेद दोन्ही तुमच्याच नोंदवहीतले.

ऋण येण्याची कारणे बीडमध्ये समोरच दिसतात. ऊसतोडीला कुटुंबे ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोल्हापूर, सांगलीकडे किंवा कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. पहिली मात्रा फडावर, तिसरी गावी, असे झाले की गावात पेंटा-३ जास्त भरतात. कारखान्याच्या परिसरातल्या केंद्रात उलटे होऊन गळती फुगते. दुसरे कारण महिना. पेंटा ६, १० आणि १४ आठवड्यांना असते, म्हणजे या महिन्यातले पेंटा-३ चे बाळ दोन महिन्यांपूर्वीचे पेंटा-१ चे. एकाच महिन्याचे दोन आकडे ताडू नका. एप्रिल ते मार्च असे पूर्ण वर्ष घ्या, आणि लशीचा तुटवडा पडलेले महिने बाजूला लिहून ठेवा. वर्षभराचा दरही ऋण आला तर नोंदवहीत आधी पाहा: पेंटा-१ चे रकाने रिकामे राहिले आहेत का.

प्रश्न : केरळने मिळालेल्यापेक्षा जास्त मात्रा दिल्या, हे कसे शक्य आहे? (वाचक, ठाणे)

मे २०२१ मध्ये केरळने जाहीर केले होते की ७३,३८,८०६ मात्रा मिळाल्या आणि ७४,२६,१६४ दिल्या. दहा मात्रांच्या कुपीत सुईत-सिरिंजमध्ये वाया जाणारे धरून थोडे जास्त द्रव भरलेले असते. कुशल परिचारिका त्यातून अकरावी मात्रा काढू शकते. अपव्यय म्हणून तिथे ऋण आकडा दिसतो आणि तो खरा असतो. उलट, कुपी फोडल्यावर दहा जण जमलेच नाहीत तर अपव्यय वाढतो. म्हणून दुर्गम पाड्यावरच्या केंद्राचा अपव्यय शहरातल्या केंद्राशी ताडून कुणाला दोषी धरणे अन्यायाचे आहे.

प्रश्न : ‘लस घेतल्यानंतर इतके मृत्यू’ आणि ‘रुग्णालयातले बहुतेक रुग्ण लस घेतलेलेच’, अशा बातम्या कशा वाचाव्यात? (गृहिणी, नाशिक)

‘नंतर’ आणि ‘मुळे’ यांत मोठे अंतर आहे. २०२० मध्ये भारताचा मृत्युदर नमुना नोंदणी पद्धतीनुसार हजारी ६ होता. एक कोटी लोक घेतले तर वर्षात ६०,००० आणि कुठल्याही सात दिवसांत सुमारे १,१५० मृत्यू होतातच, लस असो वा नसो. सुरुवातीच्या महिन्यांत लस वृद्धांना दिली गेली, त्यांच्यात ही संख्या पुष्कळ जास्त असते. म्हणून प्रत्येक गंभीर घटना समिती तपासते आणि वर्ग ठरवते: लशीशी वा लस देण्याच्या क्रियेशी संबंध जुळणारा, अनिश्चित, योगायोगाचा, किंवा माहितीअभावी वर्ग न ठरवता येणारा. जून २०२१ च्या राष्ट्रीय समितीच्या अहवालात ३१ गंभीर प्रकरणे होती. १८ योगायोगाची, ७ अनिश्चित, ३ लशीशी संबंधित, १ भीती-ताणाचे, २ वर्ग न ठरलेली. लशीशी संबंधित तिघांपैकी एकाचा मृत्यू ॲनाफिलॅक्सिसने, म्हणजे तीव्र ॲलर्जीने, झाला होता. लशीनंतर केंद्रावर अर्धा तास बसवून ठेवतात ते याचसाठी.

दुसऱ्या बातमीसाठी एक कल्पित गाव घ्या. १०,००० प्रौढ, ९,५०० जणांनी लस घेतली, ५०० जणांनी नाही. लस न घेतलेल्यांत गंभीर आजार हजारी २०, म्हणजे १० रुग्ण. घेतलेल्यांत हजारी २, म्हणजे १९. रुग्णालयात २९ पैकी १९ लस घेतलेले, तब्बल ६६ टक्के! पण धोका दहापट कमी झालेला आहे. ‘रुग्णांपैकी किती जणांनी लस घेतली होती’ एवढेच बातमी सांगत असेल तर ती अर्धी आहे. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या प्रत्येकी हजार जणांत किती रुग्ण, तेही एकाच वयोगटात, हे विचारा. वय न पाहता केलेली तुलना लशीच्या विरुद्ध झुकते, कारण वृद्धांनी लस आधी आणि जास्त घेतली.

प्रश्न : संकेतस्थळावर तालुकानिहाय आकडे नाहीत. माहिती अधिकारात मागितले तर ‘संकेतस्थळ पाहावे’ असे उत्तर आले. (ग्रामपंचायत सदस्य, सातारा जिल्हा)

अर्जाची भाषा बदला. ‘लसीकरणाची संपूर्ण माहिती द्यावी’ असे लिहिले की असेच उत्तर येते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून मोजके लिहा: कोणता तालुका, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, प्राथमिक आरोग्य केंद्रनिहाय, महिनावार, लसनिहाय पहिली आणि दुसरी मात्रा. त्यातच ‘टक्केवारी काढताना धरलेली लोकसंख्या आणि तिचा आधार’ ही ओळ न विसरता घाला. नाहीतर अंश मिळेल आणि छेदासाठी पुन्हा महिना जाईल. माहिती एक्सेल फाइलमध्ये मागा. कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूप धरलेले आहे, आणि कलम ७(९) नुसार माहिती साधारणपणे मागितलेल्या स्वरूपातच द्यायची असते. लाभार्थ्यांची नावे, मोबाइल क्रमांक मागू नका. वैयक्तिक माहितीच्या कारणाने सगळा अर्ज अडकतो. बेरजा मागा.

अर्ज जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातील जन माहिती अधिकाऱ्याकडे करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘संकेतस्थळ पाहावे’ हेच उत्तर पुन्हा आले तर त्या पानाची छापील प्रत काढा, त्यावर तालुका स्तंभ नसल्याचे दाखवा आणि ती जोडून ३० दिवसांच्या आत पहिले अपील करा. दरम्यान लोकसभा आणि राज्यसभेच्या संकेतस्थळांवर आरोग्य मंत्रालयाच्या प्रश्नोत्तरांत ‘महाराष्ट्र’ आणि ‘लसीकरण’ असे शोधून ठेवा. खासदारांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांच्या परिशिष्टांत जिल्हानिहाय तक्ते सापडतात, तारखेसह, आणि अपिलात जोडायला ते उपयोगी पडतात.